खाली जायचा अर्ज

सोमवारी सकाळी दहा वाजता आपल्याला बढती मिळाल्याचं मला एका केकवरून कळलं.

केक चौकोनी होता, पांढरा, आणि त्यावर निळ्या क्रीमने लिहिलं होतं: 'अभिनंदन, मॅनेजर क्वाम्बोका'. क्वाम्बोका म्हणजे मी. ऑफिसात दुसरी कुणी क्वाम्बोका नाही, याची मी मागे वळून खात्री करून घेतली.

आमची कंपनी नैरोबीत, न्गोंग रोडच्या मागच्या गल्लीत. नाव न्दामा, म्हणजे वासरू. गाय माजावर आली की शेतकरी मोबाइलवरून एक नंबर फिरवतो आणि आमची यंत्रणा जवळपासचा रेतन करणारा डॉक्टर शोधून त्याला मोटरसायकलवर बसवते. बारा तासांत डॉक्टर गोठ्यात पोचला तर वासराची आशा, नाहीतर पुढचे तीन आठवडे गायीकडे बघत बसा. गायीला 'उद्या या' म्हणून सांगता येत नाही. आमच्या मालकीणबाई अपोंदी मॅडम यांनी सुरुवातीला परदेशी गुंतवणूकदारांना सांगितलं की आम्ही कृत्रिम रेतनाच्या धंद्यात आहोत. त्यांनी 'कृत्रिम' एवढंच मनावर घेतलं आणि ते फार खूश झाले. अजून खूश आहेत. त्यांना कुणी गोठ्यात नेलेलं नाही.

कोणत्या गायीकडे कोणता डॉक्टर जाणार हे ठरवणारा कोड माझा. पाच वर्षं मी तेवढंच करतेय. किनांगोपच्या पठारावर इंजिनियर नावाचं गाव आहे. खरंच आहे, बाजार भरतो, बटाटे येतात. आमच्याकडे सगळ्यांत जास्त फोन तिथून येतात. एप्रिलमध्ये तिकडचे तीन रस्ते चिखलात जातात आणि नकाशाला याचा पत्ता नसतो. गेले चार महिने मी माझ्या कोडला चिखल शिकवत होते. आता कुठे त्याला चिखल जरा समजायला लागला होता.

"काप की गं," अपोंदी मॅडम म्हणाल्या. त्यांनी सुरी माझ्या हातात दिली होती. "प्रार्थनाही झालीये."

प्रार्थना माझा साहेब मुस्योका याने म्हटली होती. पाच मिनिटं चालली. त्यात सर्व्हरसाठीही दोन ओळी होत्या.

"मला कुणी विचारलं नाही, मॅडम."

"बढतीचं विचारतात का कुणी? पाहुण्याला चहा घेणार का म्हणून विचारतात का? ओततात."

"मी घेत नाही."

"चहा?"

"बढती."

मी सुरी केकच्या शेजारी ठेवली. खोलीत चोवीस माणसं कागदी बशा धरून उभी होती. आमच्याकडे केक ही साधी गोष्ट नाही. केक कापला की निर्णय झाला. गेल्या वर्षी विक्रीतला मसिंदे आठ दिवसांच्या रजेवर निघाला होता, तर कुणीतरी चुकून निरोपाचा केक मागवला. मसिंदे सभ्य माणूस. त्याने तो कापला, सगळ्यांना भरवला आणि परत आलाच नाही. फोन केला तर म्हणाला, आता कोणत्या तोंडाने येऊ.

म्हणून मी केक कापला नाही. चोवीस माणसं रिकाम्या बशा घेऊन जागेवर गेली आणि केक फ्रिजमध्ये गेला.

मॅडमनी मला काचेच्या खोलीत बोलावलं. खरं तर हे काम माणसांच्या विभागाचं. पण त्या विभागात एकच माणूस होता, त्याला बढती मिळाली, तेव्हापासून विभाग नाही.

"इंजिनियरची शिडी चार पायऱ्यांची आहे," मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षं झाली, तू चौथ्या पायरीवर उभी आहेस."

"मला तिथून नीट दिसतं."

"लोक मला विचारतात, क्वाम्बोकाचं काय चुकलं म्हणून."

"मग पाचवी पायरी बांधा."

"पाचवी पायरी आहे ना. मॅनेजरच्या शिडीवर आहे."

"माझी शिडी इथे, पायरी शेजारच्या घरात."

"क्वाम्बोका, मी तुला मोठी करतेय."

"मी मोठीच आहे, मॅडम. तुमच्या कागदावर तेवढी जागा नाही, एवढंच."

त्यांनी मग सांगितलं की बढती शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता लागू होईल आणि त्याच क्षणी माझ्या कोडच्या चाव्या बंद होतील. मॅनेजरने कोडला हात लावायचा नाही, हा कंपनीचा नियम. "का ते तुला माहीत आहे," त्या म्हणाल्या.

ते सगळ्यांनाच माहीत होतं. तीन वर्षांपूर्वीपर्यंत मुस्योका आमचा सगळ्यांत चांगला इंजिनियर होता. म्हणून त्याला मॅनेजर केलं. मॅनेजर झाल्यावर दोन महिन्यांनी त्याला राहवलं नाही, त्याने कुणाला न सांगता कोडमध्ये छोटीशी दुरुस्ती केली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत एकोणीस डॉक्टर एकाच गायीकडे जाऊन पोचले. सगळे आपापली थंड डबी घेऊन अंगणात उभे. गाय शांत होती म्हणे. मालकाने सगळ्यांना चहा दिला. नियम त्यानंतरचा.

"चाव्या गेल्या तर मी नोकरी सोडेन," मी म्हटलं.

"कुठे जाशील? सगळीकडे हीच शिडी आहे. सगळ्यांनी एकाच सुताराकडून घेतलीये."

जागेवर आले तर स्क्रीनवर सूचना आलेली. 'आपल्याला बढती मिळाली आहे.' खाली दोन बटणं: 'मान्य' आणि 'नंतर आठवण करा'. तिसरं बटण नव्हतं. मी वर-खाली, डावीकडे-उजवीकडे पाहिलं. सवयीने पानाच्या पोटातही शिरून पाहिलं. तिथेही नव्हतं. बारीक अक्षरात लिहिलं होतं की शुक्रवारी पाचपर्यंत उत्तर आलं नाही तर ते 'मान्य' समजलं जाईल; आधी 'मान्य' दाबलं तर पद लगेच मिळेल, चाव्या मात्र पाचलाच बंद होतील.

मी 'नंतर' दाबलं.

मंगळवारी चहाच्या खोलीत गेले तर मुस्योका जमिनीवर मांडी घालून बसला होता आणि पाणी उकळायची किटली सुटी सुटी होऊन त्याच्यासमोर वर्तमानपत्रावर पडली होती. हे नवं नाही. मॅनेजर झाल्यापासून त्याने ऑफिसातल्या सगळ्या उपकरणांवर हात साफ केलेत. आमचं पाण्याचं यंत्र त्याने तीनदा सुधारलंय; आता गरम पाणी हवं असेल तर दोघांनी मिळून दोन बटणं दाबावी लागतात.

"मॅनेजरच्या जागेसाठी माझं नाव तू दिलंस?" मी विचारलं.

"मीच दिलं."

"का?"

त्याने एक स्क्रू उजेडात धरून पाहिला. "मला वाटलं, माझ्या जागी कुणी आलं तर ते मला परत खाली सोडतील. तर मला मॅनेजरांचा प्रमुख करतायत."

"मॅनेजर किती आहेत?"

"तू धरून एक."

मी त्याच्याशेजारी बसले. त्याने मला एक वायर धरायला दिली.

"तू दिवसभर काय करतोस रे, मुस्योका? खरं सांग."

"बैठका. दोन बैठकांच्या मध्ये पुढच्या बैठकीची तयारी. महिनाअखेरीला सगळ्यांची प्रगती रंगवायची. हिरवा, पिवळा, लाल." त्याने स्क्रू वर्तमानपत्रावर ठेवला. "हिरवा मला बरा जमतो."

"मी शुक्रवारी सोडतेय."

"सोडलीस तरी कोड जाणारच तुझा. राहिलीस तरी जाणार." त्याने किटलीचं बूड बसवलं. "माझा हा सगळा विचार करून झालाय. तीन वर्षं मला दुसरं काम काय होतं?"

किटली त्या दिवसापासून शिट्टी वाजवते. ती शिट्टीची किटली नव्हती.

दुपारी आईचा फोन आला. आई न्यामिराला असते, चहाच्या मळ्याशेजारी. कंपनीच्या यंत्रणेत तिचा नंबर माझ्या 'तातडीच्या संपर्कात' आहे, आणि अपघात, इस्पितळ, बढती अशा तीन प्रसंगी तिला आपोआप निरोप जातो.

"किती माणसं तुझ्या हाताखाली?" आईने विचारलं.

"सहा मिळणार होती. मी नको म्हटलं."

"सहाच? आपल्या चर्चमधल्या बोसिबोरीच्या हाताखाली चौदा मास्तर आहेत."

"आई, मी नको म्हटलं."

"आधी नीट विचारायचंस. वाढवून मिळाली असती."

"आत्ता माझ्या हाताखाली एक लाख चाळीस हजार गायी आहेत."

ती बहुतेक मनातल्या मनात गायी उभ्या करून पाहत होती.

"त्या चर्चला येणार का?" ती शेवटी म्हणाली. "पुढच्या शनिवारी आभाराची प्रार्थना ठरवलीये. तंबू सांगून झालाय, तीनशे खुर्च्या, दोन बोकड. पाद्रीबाबांना तू मॅनेजर झालीस म्हणून सांगितलंय."

"मग आता कार्यक्रम रद्द कर."

"तंबू रद्द होत नसतो. कारण बदलू. तुझ्या मावशीचा गुडघा बरा झालाय."

"पूर्ण बरा?"

"शनिवारपर्यंत होईल." मग जरा खालच्या आवाजात: "तुला ते काम खरंच नको?"

"खरंच नको."

"मग नको घेऊस. पण फोनवर असं ठणकावून सांगत जाऊ नकोस. मला वाटलं, कुणी गेलं."

बुधवारी केकचं प्रकरण अनपेक्षित बाजूने सुटलं. फ्रिज भरला होता. अर्ध्या ऑफिसाचे डबे बाहेर राहत होते, आणि कुणाचं तरी मका-घेवड्याचं गिथेरी नासलं. त्याच दिवशी वॉचमन लोक्वांग यांचा वाढदिवस निघाला. म्झे लोक्वांग (वडीलधाऱ्यांना आमच्याकडे म्झे म्हणतात) पंचावन्नचे, तुर्कानाचे, खजुराच्या झाडासारखे उंच. फाटकावरच्या खोलीत वाकून बसतात. कुणीतरी चमच्याने माझं नाव खरवडलं. 'मॅनेजर' हा शब्द क्रीममध्ये खोल गेला होता, तो निघेना. तसाच केक फाटकावर गेला. म्झेंनी तो वाचला. क्षणभर विचार केला. आणि कापला.

एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नाही. आमच्याकडचा केकचा नियम फाटकापाशी संपत नाही.

गुरुवारी सकाळी माझी टॅक्सी फाटकापाशी आली तर दांडा वर जाईना. पुढे दोन गाड्या, मागे एक प्रवासी भरलेला मटाटू अडकून बोंबलतोय. म्झे लोक्वांग प्रत्येक खिडकीशी वाकत होते. माझ्या खिडकीशी आले.

"काल काय केलंस?"

"काय?"

"काल काय केलंस, आज काय करणार, कुठे अडलंय."

जागा कमी म्हणून आमच्या गटाची सकाळची बैठक तीन वर्षं गाड्या लावायच्या जागेत भरत होती, फाटकापासून चार पावलांवर. तिथले हे तिन्ही प्रश्न म्झेंना पाठ होते.

"काल इंजिनियरचे रस्ते केले," मी म्हटलं. "आज न्जाबिनीचे करणार. अडलं कुठेच नाही."

"खोटं बोलू नकोस, पोरी. तीन दिवस तोंड बघतोय तुझं."

"उद्या पाच वाजता माझं काम काढून घेणार आहेत, म्झे."

ते तसेच वाकून उभे राहिले. मागचा मटाटू आणखी बोंबलला. म्झेंनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो थांबला.

"यावर आज माझ्याकडे उत्तर नाही," ते म्हणाले. "पण ऐकलंय मी." आणि दांडा वर केला.

तीन वर्षांत हे वाक्य मला कुठल्या साहेबाने ऐकवलं नव्हतं. मुस्योका असता तर त्याने मला पिवळा रंग दिला असता.

आमच्या गटातले जेप्तू आणि मुलिंगे अकरा दिवस एकमेकांसाठी अडले होते. ती म्हणायची आधी त्याचा भाग होऊ दे, तो म्हणायचा आधी तिचा. म्झेंनी दोघांनाही गाडीतून उतरवलं, दांड्याच्या दोन बाजूंना उभं केलं आणि सांगितलं की बोलणं संपल्याशिवाय दांडा हलणार नाही. सात मिनिटं लागली. रस्त्यावर रांग पार पेट्रोलपंपापर्यंत गेली. दुपारपर्यंत काम पूर्ण झालं.

साडेनऊला अपोंदी मॅडमची गाडी आली. आम्ही वरून पाहत होतो. म्झे वाकले. काच खाली झाली. आम्हाला वाटलं आता म्झेंची नोकरी गेली. मॅडम चार मिनिटं बोलत होत्या. मध्ये एकदा डोळे पुसल्यासारखे वाटले. कुठे अडलंय म्हणून त्यांनी काय सांगितलं ते म्झे आजतागायत सांगत नाहीत.

दहा वाजता मी मॅडमच्या खोलीत गेले.

"तुम्हाला मॅनेजर हवा होता," मी म्हटलं. "मिळालाय."

"थट्टा पुरे. तो वॉचमन आहे."

"आणि मी इंजिनियर आहे. आमच्या दोघांपैकी केक एकानेच कापलाय."

"त्याच्याकडे पदवी आहे?"

"मुस्योकाकडे दोन आहेत. परवापासून किटली शिट्टी वाजवतेय."

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शुक्रवार, पाच वाजता. मला याहून बरा मार्ग ठाऊक नाही. मलाही हाच मिळाला होता. मीही एकेकाळी कोड लिहायचे, माहीत आहे तुला?"

मला माहीत नव्हतं.

"चांगला लिहायचीस?" माझ्या तोंडून गेलं. एकेरी गेलं.

"फार चांगला," त्या म्हणाल्या, आणि चष्मा परत लावला. "आता जा."

त्या दुपारी मी कंपनीची नियमावली काढली. चौऱ्याऐंशी पानं. ती कुणीच वाचलेली नाही, कारण पहिल्याच पानावर लिहिलंय की ही वाचणं सक्तीचं आहे. मी ती कोड वाचतात तशी वाचली; म्हणजे लेखकाला काय म्हणायचंय ते सोडून दिलं आणि त्याने प्रत्यक्षात काय लिहिलंय तेवढं पाहिलं.

बढती नाकारायची सोय कुठेही नव्हती. पण एकसष्टाव्या पानावर मॅनेजरचे अधिकार होते. मॅनेजर आपल्या गटातली रिकामी जागा स्वतः भरू शकतो. उमेदवार वरच्या पदावर येणार असेल तर मालकीणबाईंची सही. बरोबरीच्या पदावर येणार असेल तरी सही. उमेदवार खालच्या पदावर येणार असेल तर काय, याबद्दल अवाक्षर नव्हतं. नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात असा माणूसच आला नव्हता.

आणि मी मॅनेजर झाले की माझ्या गटात इंजिनियरची एक जागा रिकामी होणार होती. माझी.

शुक्रवारी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी मी 'मान्य' दाबलं. पडद्यावर फुगे उडाले. ऑफिसात कुजबुज झाली. जेप्तू माझ्याकडे असं बघायला लागली, जणू मी तिची शेळी विकली.

"शेवटी झालीसच," ती म्हणाली.

"झाले. आता जरा भरती करायचीये."

अर्ज सोपा होता, पण भरतीचं पान शुक्रवारी पाचला बंद होतं ते थेट सोमवारी उघडतं, आणि एक अट होती: उमेदवाराची किमान पंधरा मिनिटं मुलाखत. यंत्रणेत घड्याळ लागतं, पंधरा मिनिटांआधी पुढचं पान उघडत नाही. मी काचेच्या खोलीत गेले, दोन खुर्च्या समोरासमोर ठेवल्या आणि घड्याळ सुरू केलं. प्रश्न विचारताना मी डाव्या खुर्चीत बसायचे, उत्तर द्यायला उजव्या. नुसतं बसून वेळ काढता आला असता. पण मुलाखत म्हणजे मुलाखत.

काचेपलीकडे हळूहळू सगळं ऑफिस जमलं.

'उमेदवाराला हे पद का हवं आहे?' पहिलाच प्रश्न. मी उजव्या खुर्चीत जाऊन बसले. पाच वर्षांत मला हे कुणी विचारलंच नव्हतं. मग म्हटलं: याच एप्रिलमध्ये इंजिनियरहून एका बाईने फोन केला. गाय एकच. जवळचा डॉक्टर नकाशावर सहा किलोमीटरवर, पण मध्ये चिखल. माझ्या कोडने तो सोडून एकवीस किलोमीटरवरचा डॉक्टर पाठवला. तो अकरा तास चाळीस मिनिटांनी पोचला. त्या बाईला वाटलं, डॉक्टर लांबून का आला, काय वेडी माणसं आहेत. ती मला ओळखत नाही, कधी ओळखणारही नाही. मला हे काम करायचंय, आणि मला त्याच्या वर काही दिसत नाही.

डाव्या खुर्चीत येऊन मी ते लिहून घेतलं.

'उमेदवाराच्या उणिवा?' वरिष्ठांचं ऐकत नाही. 'सुधारण्याची शक्यता?' मी उमेदवाराकडे पाहिलं. नाही, असं उमेदवार म्हणाली. बरं वाटलं. घेण्यासारखी वाटली.

चार वाजून अठ्ठावीस मिनिटं झाली. एक बटण दाबलं की मी खाली. बोट ठेवलं, तेवढ्यात काचेवर टकटक झाली.

मुस्योका होता. हातात अर्ज.

"अजून जागा आहे का?" त्याने विचारलं.

जागा होती. जानेवारीत एक पोरगा नोकरी सोडून गेला होता. "पण पंधरा मिनिटं लागतात, मुस्योका. आणि मी एकदा खाली गेले की मला कुणाला घेता येणार नाही."

"मग तुझा आधी पाठव. माझं राहू दे."

"बस."

"क्वाम्बोका, पाच वाजले तर तू अडकशील."

"साहेब अजून मी आहे. बस म्हटलं ना."

तो बसला. त्याची कागदपत्रं अपलोड व्हायला सात मिनिटं खाल्ली यंत्रणेने. चार पस्तीसला घड्याळ सुरू झालं.

"पूर्वीच्या चुका," मी वाचलं. "एकोणीस डॉक्टर."

"ते विचारायलाच हवं का?"

"फॉर्ममध्ये आहे."

त्याने काचेपलीकडच्या माणसांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी केलं ते कुणी तपासलं नव्हतं. इंजिनियर होतो तेव्हा तू तपासायचीस, दहा चुका काढायचीस, शिव्या घालायचीस. मॅनेजरचं कोण तपासतं? सगळे 'छान' म्हणाले." तो खाली बघत म्हणाला, "तीन वर्षं झाली मला कुणी चूक दाखवलेली नाही."

"किटली चुकलीये."

"खरंच?"

"शिट्टी वाजते."

"कुणी बोललं नाही," तो म्हणाला, आणि मला वाटतं तो त्या क्षणी परत इंजिनियर झाला. पुढचं सगळं कागदी काम होतं.

चार एक्कावन्नला त्याचा अर्ज गेला. मी माझा उघडला. यंत्रणेने मला आत घ्यायला पुन्हा सगळी ओळख मागितली: नाव, जन्मतारीख, आईचं नाव. चार छप्पन्नला दार उघडून अपोंदी मॅडम आत आल्या.

"काय चाललंय हे?"

"भरती."

"थांबव."

"याला तुमची सही लागत नाही, मॅडम."

"असं कुणी ठरवलं?"

"तुम्ही. पान एकसष्ट." मी नियमावली पुढे केली. त्यांनी ती उभ्याउभ्या वाचली. दोनदा वाचली. पूर्वी फार चांगला कोड लिहिणारी बाई कागद कसा वाचते ते मी पाहिलं; ओठ हलत नव्हते आणि बोट बरोबर त्या जागेवर थांबलं, जिथे वाक्य असायला हवं होतं.

"मी सोमवारी हा नियम बदलेन," त्या म्हणाल्या.

"बदला. आज शुक्रवार आहे."

"तुझी बढती पुन्हा कधी येणार नाही. वीस वर्षं चौथ्या पायरीवर बसशील."

"बसेन."

"लोक तुझ्या पुढे जातील. आज तुझ्या हाताखाली असलेले."

"जाऊ देत. रस्त्यात चिखल लागला तर मला फोन करतील."

चार अठ्ठावन्न. त्यांनी लॅपटॉप बंद केला असता तर संपलं होतं सगळं. त्यांचा हात टेबलावरच होता, लॅपटॉपपासून वीतभर. मी त्या हाताकडे पाहत बटण दाबलं. पडद्यावर एक चाक गरगरत राहिलं. आम्ही तिघंही त्याकडे पाहत होतो. मग चाक थांबलं आणि अक्षरं आली: 'उमेदवाराची निवड झाली आहे. मॅनेजरचं पद रिक्त आहे.' फुगे उडाले नाहीत. खाली जाणाऱ्यासाठी फुगे कुणी बसवले नव्हते.

पाच वाजले. मी कोडचं दार उघडून पाहिलं. उघडलं. मुस्योकाने त्याचं उघडलं. तीन वर्षांनी. त्याने पहिली ओळ टाइप केली आणि लॅपटॉप माझ्याकडे वळवला.

"तपास," तो म्हणाला.

"एका ओळीत दोन चुका."

त्याचा चेहरा असा उजळला की मॅडमनी नजर दुसरीकडे वळवली.

"झालं समाधान?" त्या म्हणाल्या. "आता तुम्हाला सांभाळणार कोण?"

"म्झे लोक्वांगांचं नाव कागदावर घ्या. फाटकावर दुसरा माणूस ठेवा आणि त्यांना वर बसवा. काम ते कालपासून करतायत, नुसता दांडा धरून."

"त्यांना कोडमधलं ओ की ठो कळत नाही."

"मॅनेजरने कोडला हात लावायचा नाही, हा तुमचाच नियम. त्यांनी आजवर एकदाही लावलेला नाही."

बाहेर लोक पांगायला लागले होते. मॅडमनी नियमावली बगलेत मारली आणि दाराशी जाऊन वळल्या.

"सोमवारी अकराला ये माझ्या खोलीत. यावर बोलू."

"सोमवारी जमणार नाही, मॅडम," मी म्हटलं. "मी कामात आहे."